फुलांखालची जमीन

मोगऱ्याच्या पाकळीत पांढऱ्या रंगाचं द्रव्यच नसतं. तिच्या पेशींच्या मधल्या बारीक पोकळ्यांत हवा असते. त्या हवेच्या आणि पेशीभिंतींच्या सीमांवर आदळून प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून ती आपल्याला पांढरी दिसते. ताजी पाकळी बोटांत चिरडली, की ती जागा लगेच पाणीदार होते आणि तिच्यातून आरपार दिसू लागतं, कारण आतली हवा निघून गेलेली असते. फुलं टीपकागदांत घालून, वर वजन ठेवून आपण हेच करतो, फक्त सावकाश. पाणी जातं, हवा जाते, पाकळी चपटी होते आणि शेवटी हातात येतं ते बटर पेपरासारखं काहीतरी.

दाबलेल्या फुलांच्या चित्रातला सगळा खेळ इथून सुरू होतो. वाळलेली पाकळी बरीचशी पारदर्शक असते, आणि तिच्याखाली जे असेल ते तिच्यातून दिसतं. पिवळा कॉसमॉस निळ्या कागदावर ठेवला तर पाकळीच्या पातळ कडा हिरवट दिसतात. सदाफुलीचा गुलाबी रंग पिवळ्या कागदावर विटकरीकडे झुकतो. पाकळीचा रंग आणि जमिनीचा रंग मिळून तिसराच रंग डोळ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून माझा आग्रह असतो, की जमीन आधी ठरवावी आणि फुलं मग मांडावीत. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. महिनोन्‌महिने फुलं जमवायची, वाळवायची, जपायची आणि शेवटच्या दिवशी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून हाताला लागेल तो रंगीत कार्डशीट आणायचा. इतक्या मेहनतीची फुलं अशा कागदावर वर्षा-दोन वर्षांत विटलेली पाहिली, की फार वाईट वाटतं.

काळ्या जमिनीचा मोह सगळ्यांना पडतो, आणि त्या मोहाला मोठी परंपरा आहे. इंग्लंडमधल्या मेरी डेलनी या बाईंनी 1772 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाचे कपटे कातरून फुलांची चित्रं करायला सुरुवात केली. दृष्टी अधू होईपर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षं, त्या हे काम करत राहिल्या. त्यांची 985 चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कागद त्या स्वतः काळा रंगवून घेत, आणि त्या गडद जमिनीवर एकेक फूल आतून उजळल्यासारखं उठून दिसतं. डेलनीबाईंची चित्रं पाहून अनेक जण काळा कागद आणतात, त्यावर जुईची वाळलेली फुलं ठेवतात आणि ती राखाडी का दिसतात हे त्यांना कळत नाही. डेलनीबाईंच्या पाकळ्या कागदाच्या होत्या. क्वचित एखादं खरं पान त्यांनी चिकटवलं आहे, पण बाकी सगळा अपारदर्शक कागद. आपल्या खऱ्या पाकळीतून मात्र काळी जमीन वर येते आणि तिचा उजेड पिऊन टाकते.

तरीही काळं हवंच असेल, तर पाकळीला अस्तर द्यावं लागतं. तिच्याच आकाराचा, कडेने जरा लहान असा पांढरा पातळ कागद कातरून खाली लावायचा, किंवा एकाच जातीच्या दोन-तीन पाकळ्या एकावर एक ठेवायच्या. अस्तराशिवाय काळ्यावर टिकणाऱ्या गोष्टीही आहेत. सह्याद्रीत ओढ्याकाठच्या दरडींवर एक नेचं उगवतं. त्याच्या पानाच्या पाठीवर पांढरी मेणचट पूड असते आणि मुलं ते पान हातावर दाबून त्याचा ठसा उमटवतात. ते उलटं करून काळ्या कागदावर ठेवून पाहा. रुईच्या बियांचे रेशमी झुपके, लव असलेली राखाडी पानं, गवताचे वाळके तुरे हेही काळ्यावर खुलतात. यांचा उजळपणा पृष्ठभागावर असतो, त्यामुळे खालच्या जमिनीला त्यात हात घालता येत नाही.

आता कागदाकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

घरात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक असेल तर उघडून बघा. पानं तपकिरी झालेली असतात आणि दुमडली की कडा तुटून हातात येते. याउलट पुण्याच्या पेशवे दफ्तरातले अठराव्या शतकातले मोडी कागद आजही हाताळता येतात, वाचता येतात. अडीचशे वर्षांचा कागद धड आणि साठ वर्षांचा मोडका, याचं कारण लगद्यात आहे. जुना हातकागद चिंध्या, दोर, ताग अशा धाग्यांचा असे. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही त्याची आपल्याकडची नावाजलेली ठिकाणं. लांब तंतू कुटून त्याचा ताव काढायचा, त्याला खळ द्यायची आणि अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटायचा. पुढे 1807 मध्ये जर्मनीत मॉरिट्झ फ्रीडरिश इल्लिग यांनी तुरटी आणि राळ लगद्यातच मिसळायची पद्धत मांडली. शाई फुटू नये म्हणून ती सोयीची होती, आणि ती जगभर पसरली. पण तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो आणि ते आम्ल कागदाच्या सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यात लाकडाचा लगदा आला, आणि त्याबरोबर लिग्निन. वर्तमानपत्र उन्हात दोन दिवसांत पिवळं पडतं ते या लिग्निनमुळे.

असा कागद फुलाखाली घातला तर दोन्हीकडून नुकसान होतं. कागद पिवळा होत जातो आणि त्याची आम्लता पाकळीपर्यंत पोहोचते. उलट्या दिशेनेही काही ना काही जात असतं. जुन्या वनस्पतिसंग्रहांत, दशकानुदशकं दाबून ठेवलेल्या पानाची तपकिरी प्रतिमा खालच्या-वरच्या कागदांवर शिरांसकट उमटलेली आढळते. झाँ व्होल्करिंजर या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने 1942 मध्ये या प्रतिमांकडे लक्ष वेधलं, आणि आजही त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. वाळलेलं झाड निर्जीव दिसलं तरी रासायनिकदृष्ट्या स्वस्थ बसलेलं नसतं, याचा याहून चांगला पुरावा नाही.

मग वापरायचा कोणता कागद? दुकानदार ‘अ‍ॅसिड-फ्री’ हा शब्द सांगतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. त्या शब्दाच्या पोटात दोन वेगळे कागद आहेत. एक नुसता उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही. दुसऱ्यात मुद्दाम कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, म्हणजे पुढे कधी आम्ल तयार झालं तर ते मारलं जावं. टिकाऊ कागदासाठी 1994 मध्ये ठरलेलं आयएसओ 9706 हे मानक या दुसऱ्या प्रकाराचं आहे. त्यात किमान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कलीचा साठा असावा लागतो. ग्रंथालयातल्या पुस्तकाला हा कागद उत्तम. फुलाला मात्र तो नेहमीच मानवतो असं नाही.

शाळेत लाल जास्वंदीच्या पाकळीचा रस काढून त्यात लिंबू आणि चुन्याची निवळी टाकण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. लिंबाने रस लालभडक होतो, चुन्याने हिरवट-निळा. हा रंग अँथोसायनिन या गटातल्या द्रव्यांचा असतो. गुलाब, तेरडा, गोकर्ण, सदाफुली, पेटुनिया यांचे लाल, गुलाबी, जांभळे, निळे रंग याच कुळातले. अल्कलीच्या संगतीत ही द्रव्यं निळ्याकडे सरकतात आणि पुढे विघटितही होतात. कोरड्या हवेत, कोरड्या कागदावर हे जवळजवळ घडतच नाही, कारण रासायनिक देवाणघेवाणीला पाणी लागतं. पण मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या जुलैमध्ये कागद हवेतलं पाणी पितो, पाकळीही पिते आणि मग त्यांच्यात व्यवहार सुरू होतो. ओला गोंद तर ते पाणी थेट हातानेच देतो.

म्हणून निळ्या, जांभळ्या आणि गुलाबी फुलांखाली मी उदासीन, कॅल्शियम न घातलेला सुती कागद सुचवते आणि अल्कलीयुक्त बोर्ड त्याच्या मागे ठेवते. मागून येणारं आम्ल तो बोर्ड अडवतो आणि फुलाला स्पर्शही करत नाही. झेंडू, सोनकी अशा पिवळ्या-केशरी फुलांचे रंग प्रामुख्याने कॅरोटिनॉइडचे असतात. त्यांना कागदाच्या आम्ल-अल्कलीने फारसा फरक पडत नाही, तिथे दोन्ही कागद चालतात. बोगनवेल आणि कोंबडा यांचं रंगद्रव्य आणखी वेगळं, बीटालेन नावाचं. दिसायला गुलाबासारखं असलं तरी त्याची जात बिटाच्या रंगाची. बोगनवेलीची रंगीत पानं मुळातच पातळ आणि कोरडी असतात, लवकर वाळतात आणि त्यामुळे रंग चांगला धरतात. नवशिक्यांनी तिथून सुरुवात करावी.

दुकानातल्या कागदावर काही लिहिलेलं नसेल तर जास्वंदच पुन्हा कामाला येते. पाकळ्या थोड्या पाण्यात चुरडून त्या पाण्याचा थेंब कागदाच्या कोपऱ्यावर ठेवा. लालसर राहिला तर कागद आम्लधर्मी, निळा-हिरवा झाला तर अल्कलीयुक्त. प्रयोगशाळेची अचूकता यात नाही, पण कोणता ताव परत करायचा हे कळण्याइतपत कल नक्की मिळतो.

पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून हातकागद संस्था आहे. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात, गांधीजींच्या प्रेरणेने उभी राहिलेली. अशा ठिकाणी सुती चिंध्यांचा कागद वजन, पोत, रंग हाताळून निवडता येतो, आणि कागदाच्या बाबतीत हात लावून पाहण्याला पर्याय नाही. एक सूचना मात्र कळकळीने करते. पाकळ्या, गवत, कोथिंबिरीसारखी पानं लगद्यातच मिसळलेला शोभेचा हातकागद फुलांच्या चित्राला घेऊ नका. तो स्वतःच एक चित्र आहे. शिवाय त्यातल्या पानापाकळ्यांचे डाग आजूबाजूच्या कागदात उतरत जातात.

वजन 250 ते 300 जीएसएम असावं. 120 चा कागद गोंदाच्या पहिल्या ठिपक्याला फुगतो आणि वाळल्यावर सपाट होत नाही. पोताबद्दल लोक फार विचार करत नाहीत, पण पातळ पाकळीखाली कागदाचा प्रत्येक उंचवटा दिसतो. खरखरीत जलरंगाच्या कागदावर तेरड्याची पाकळी ठेवली, तर आठवड्याभरात ती त्या दाण्यांवर बसते आणि देवीचे व्रण असल्यासारखी दिसते. गुळगुळीत दाबलेला, ज्याला दुकानात ‘हॉट प्रेस’ म्हणतात तो कागद पाकळ्यांना बरा. खरखरीत पोत मोठ्या पानांसाठी, शेंगांसाठी, सालींसाठी राखून ठेवा.

यंत्रावर बनलेल्या कागदाला ग्रेन असतो. तंतू एका दिशेला झोपलेले असतात आणि दमट हवेत कागद त्यांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. पाकळी पूर्णपणे चिकटवलेली असेल तर पावसाळ्यात खालचा कागद ताणला जातो आणि ती तडकते. हातकागदाचे तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असल्यामुळे तो दोन्हीकडे जवळपास सारखाच हलतो. कागद कोणताही असो, गोंदाचा ठिपका फुलाच्या मध्यावर आणि देठाशी द्यावा आणि पाकळ्यांची टोकं मोकळी सोडावीत. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने मुलीच्या वयात केलेला वनस्पतिसंग्रह हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. 66 पानांवर 424 वनस्पती. तिने देठांवर कागदाच्या बारीक पट्ट्या लावून त्या बसवल्या आहेत. वनस्पतिसंग्रहालयांतही असं पट्ट्यांनी किंवा टाक्यांनी बसवायची पद्धत आहे, आणि चित्रातही जाड देठांना ती शोभते.

गोंदाचा विषय निघालाच आहे तर घरच्या खळीबद्दल सांगते. मैद्याच्या खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायची आपली जुनी रीत आहे. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला ती ठीक. फुलाखाली मोरचूद नको, कारण तांबं कागदाच्या आणि रंगद्रव्यांच्या ऑक्सिडीकरणाला वेग देतं. आणि मोरचूद न घातलेली खळ कसरीला आवडते. यापेक्षा मिथाइल सेल्युलोज किंवा साधा पांढरा पीव्हीए गोंद, दातकोरणीच्या टोकाने, अगदी थोडा.

जपानमध्ये या कलेला ‘ओशिबाना’ म्हणतात, आणि तिथे जमिनीचा विचार फार पुढे गेला आहे. कोझो नावाच्या तुतीवर्गीय झाडाच्या सालीपासून काढलेला वाशी कागद अतिशय लांब तंतूंचा असतो, त्यामुळे तो विलक्षण पातळ काढूनही फाटत नाही. वाशी बनवण्याच्या तीन ठिकाणच्या पद्धती 2014 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेल्या. ओशिबानाचे कलाकार जाड कागदावर पेस्टलची पूड बोटाने चोळून आकाश किंवा पाणी तयार करतात, त्यावर लांबची झाडं मांडतात, त्यावर पातळ वाशीचा थर टाकतात आणि मग जवळची फुलं. मधला थर धुक्याचं काम करतो. पाकळीची जी पारदर्शकता आपल्याला अडचण वाटते, तिच्याच जोडीला त्यांनी पारदर्शक कागद आणून बसवला. हे मला त्या कलेतलं सगळ्यात हुशार पाऊल वाटतं.

कापडाची गोष्ट थोडी निराळी. कागदाला दोष लगद्यातून येतात, कापडाला ते बहुधा नंतर लागतात. दुकानातल्या नव्या कापडावर कांजी असते, पांढऱ्या कापडावर उजळपणाची रसायनं असतात, आणि घरी धुतलेल्यावर नीळ. कांजी ओल धरते आणि कसर बोलावते. उजळपणाची रसायनं अतिनील किरण पिऊन निळसर प्रकाश देतात म्हणून कापड लख्ख दिसतं, पण काही काळाने ती मावळतात आणि कापड अचानक पिवळट वाटू लागतं. मांजरपाट घेतला तर तो धुण्याच्या सोड्यात उकळून घ्यावा आणि मग साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळावा. सोड्याचा अंश राहिला तर तो अल्कली आहे, आणि गोकर्णीच्या निळ्या पाकळीला त्याची किंमत मोजावी लागते.

सगळ्यात उत्तम सुती जमीन विकत मिळत नाही. वर्षानुवर्षं धुतलेलं जुनं मलमलीचं धोतर किंवा विरत आलेली सुती साडी घ्या. तिची कांजी कधीच गेलेली असते, आटायचं तेवढं कापड आटलेलं असतं, रंग सुटायचा तो सुटलेला असतो आणि धागे मऊ झाल्यामुळे पाकळीवर जाळी उमटत नाही. खादी मला प्रिय आहे, पण तिच्या जाडबारीक धाग्याच्या गाठी कोवळ्या पाकळीतून दिसतात. पिंपळाच्या जाळीदार पानाखाली, सावरीच्या मांसल पाकळ्यांखाली तीच खादी फार देखणी दिसते.

रेशमाचं मोल वेगळ्या कारणासाठी आहे. रेशमाच्या धाग्याचा छेद साधारण त्रिकोणी असतो आणि तो प्रकाश परत फेकतो. अर्धपारदर्शक पाकळीतून आत गेलेला उजेड खालच्या रेशमावरून परत पाकळीतून बाहेर येतो, आणि फूल उजळतं. कागदाला हे साधत नाही. पण रेशीम प्रथिनाचं बनलेलं असतं. उजेडात ते सुतापेक्षा लवकर पिवळं आणि ठिसूळ होतं, आणि अल्कली त्यालाही सोसत नाही. त्यामुळे रेशमामागचा बोर्ड उदासीनच हवा. जुन्या पैठणीचा तुकडा घ्यायचा मोह झाला तर जरीचा भाग टाळा, चांदीची जर काळवंडते. रंगीत रेशमाचा कोपरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. फडक्यावर रंग उतरला, तर पावसाळ्यात तो पाकळीवरही उतरेल.

पॉलिएस्टरच्या सॅटिनला नाकं मुरडली जातात, पण कोकणातल्या घरासाठी मी ते नाकारणार नाही. ते पाणी पीत नाही, त्यामुळे पावसाळ्यात ताणलं जात नाही आणि पाकळीशी रासायनिक देवाणघेवाण करत नाही. स्थिर विजेमुळे धूळ ओढतं, तेवढं काच लावण्यापूर्वी मऊ ब्रशने झटकावं. मखमल मात्र नको. तिच्या उभ्या लवेवर पाकळी टेकतच नाही, अधांतरी राहते आणि काचेच्या दाबाने तुटते.

कापडावर गोंद लावला की तो आरपार जाऊन काळसर डाग पाडतो. यावर जुना आणि पक्का उपाय म्हणजे गोंदच टाळणं. बोर्डावर कापसाचा पातळ थर, त्यावर ताणून बसवलेलं कापड, त्यावर फुलं आणि वरून काच. कापसाच्या उसळीने फुलं काचेशी दाबून धरली जातात. बोर्ड, कापूस, कापड सगळं त्या दिवशी कोरडं ठणठणीत असलं पाहिजे, म्हणून हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये करावं.

रंग निवडताना आणखी एक नियम हाताशी ठेवावा. मिशेल शेव्हरल हे पॅरिसच्या, भिंतीवरचे विणलेले पडदे बनवणाऱ्या गोबलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा निळ्याशेजारी फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारात आहे हे त्यांनी दाखवलं, आणि 1839 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरुद्ध रंगाची छटा टाकतो. हिरव्यागार जमिनीवर गुलाबी जास्त गुलाबी दिसतो, तांबड्यावर तोच मरगळतो.

पण फुलांच्या बाबतीत मी या नियमाला एक पुरवणी जोडते. जमीन आजच्या फुलाला शोभेल अशी निवडू नका, तीन वर्षांनंतरच्या फुलाला शोभेल अशी निवडा. पाकळीचा रंग उतरणारच. नाजूक वस्तूंवर उजेड 50 लक्सपेक्षा जास्त पडू नये अशी संग्रहालयांची मर्यादा आहे, आणि आपल्या दिवाणखान्यात खिडकीशी दिवसा त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. निळं राखाडीकडे जातं, गुलाबी पेंढ्याच्या रंगाकडे, हिरवं खाकीकडे, पांढरं बदामीकडे. शुभ्र कागदावर बदामी झालेली जुई मळकी दिसते. तीच जुई धुरकट निळ्या किंवा राखी-हिरव्या जमिनीवर जाणूनबुजून बदामी रंगवल्यासारखी दिसते. पारिजातकाचा देठ केशरी राहतो आणि पाकळ्या तपकिरी होतात. त्याला चंदनी रंगाचा कागद द्या, म्हणजे देठच चित्राचा नायक ठरतो.

ज्या ताग्यातून किंवा तावातून जमीन घेणार असाल, त्याची चार बोटं रुंद पट्टी कापा. तिच्यावर चित्रातल्या प्रत्येक फुलाची एकेक पाकळी त्याच गोंदाने लावा, अर्ध्या पट्टीवर काळा कागद गुंडाळा आणि खिडकीशी महिनाभर ठेवा. मग काळा कागद काढून दोन्ही अर्धे शेजारी पाहा. उघड्या अर्ध्यात पाकळी आणि जमीन यांची जोडी अजून बरी दिसत असेल, तर तो ताव घ्या. पट्टीच्या मागे कागदाचं नाव, दुकान, गोंद आणि तारीख लिहून ती जपून ठेवा, पुढच्या चित्राच्या वेळी लागते.